किती तास ते मोजू नका, काय बंद पडलं ते सांगा

मे महिना लागला की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा विषय ठरलेला असतो. पारा ४५ च्या वर, दारं-खिडक्या बंद, कुलर सुरू, अख्खं घर एका खोलीत आणि जो तो आपल्या फोनमध्ये. यंदा पत्रं जास्त आली आणि त्यांतली काही वाचून मला रात्री झोप लागली नाही. सगळ्यांना उत्तर देणं जागेअभावी शक्य नाही. सहा पत्रं निवडली आहेत. ओळख पटेल असा मजकूर नेहमीप्रमाणे काढून टाकला आहे.

*

ताई, नमस्कार. माझा मुलगा सतरा वर्षांचा आहे, आता बारावीत गेला. नीटची तयारी करून राहिला आहे. रात्री दोन-दोन वाजेपर्यंत वरच्या खोलीत फोन बघतो आणि सकाळी उठवता उठत नाही. अकरा दिवसांपूर्वी यांचा पारा चढला आणि यांनी त्याच्या हातातला फोन हिसकून कुलरच्या टाकीत टाकला. मी लगेच काढला, पुसला, तांदळाच्या डब्यात ठेवला, पण सुरू झाला नाही. तेव्हापासून पोरगा वडिलांशी एक शब्द बोलला नाही. ताट घेऊन वर जातो. आधी असा नव्हता जी. दहावीपर्यंत रोज संध्याकाळी रेशीमबागेच्या मैदानावर क्रिकेट खेळायचा, अंधार पडल्यावर फोन करून करून बोलवावं लागायचं. मग क्लासची वेळ चार ते नऊ झाली आणि ते सुटलं. क्लासच्या नोट्स, टेस्टचे मार्क सगळं फोनवरच येतं, त्यामुळे फोन बंदही करता येत नाही. हे व्यसन आहे का? दिवसाला किती तास फोन दिला तर चालेल?
– एक आई, हनुमाननगर

बाई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही जे शेवटी घाईघाईत लिहून टाकलं, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. मैदान आधी सुटलं आणि फोनचं वेड त्यानंतर लागलं. दहावीतही त्याच्याकडे फोन होता, तुम्हीच त्यावर फोन करून त्याला घरी बोलवत होतात. पण तेव्हा तो फोन खिशात पडलेला असायचा, कारण हातात बॅट होती.

अकरावीत क्लासने चार ते नऊ ही वेळ घेतली. सकाळी कॉलेज, दुपारी जेवण, मग क्लास, नऊला घरी, त्यानंतर होमवर्क. या दिवसात त्याचा स्वतःचा म्हणावा असा तुकडा कुठे आहे ते मी शोधलं. मला तो रात्री बारा ते दोन एवढाच सापडला. तो वेळ त्याने झोपेतून कापून घेतला आहे. त्याची झोप जाते हे वाईटच आहे, या वयात आठ ते दहा तास झोप लागते. पण तो ऐदी झाला म्हणून जागत नाही, एवढं आधी मनाशी धरा.

शाळेत समुपदेशक म्हणून मी बावीस वर्षं काम केलं. पालक यायचे ते आकडा घेऊन. चार तास बघतो, सहा तास बघतो, परीक्षेच्या आदल्या दिवशीही तीन तास. त्या आकड्यावरून मला कधीच काही कळलं नाही. मग मी विचारू लागले, घरात काय काय बंद पडलं? जेवायला सोबत बसणं? मित्रांकडे जाणं? भावंडांशी भांडणं? हो, भांडणंसुद्धा. भांडायचं बंद झालेलं मूल मला जास्त काळजीत टाकायचं. आणि दुसरा प्रश्न, ते फोन येण्याआधी बंद पडलं की नंतर? या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की पुढची वाट बहुधा पालकांनाच दिसायची.

तुम्ही व्यसनाबद्दल विचारलं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. तिच्यात गेम खेळण्याच्या विकाराला जागा दिली आहे. सोशल मीडियासाठी किंवा फोनसाठी तसा वेगळा आजार त्यात नाही. आणि गेमच्या बाबतीतही तासांचा निकष नाही. स्वतःवरचा ताबा सुटणं, बाकी सगळं मागे पडून तेच पुढे येणं, नुकसान दिसत असूनही न थांबणं आणि हे साधारण वर्षभर दिसणं, असं पाहतात. म्हणून 'व्यसनी' हा शब्द घरात वापरू नका. सतराव्या वर्षी कानावर पडलेला शब्द फार खोल जातो.

यात फोन निर्दोष आहे असं मात्र मी म्हणत नाही. बी. एफ. स्किनर नावाच्या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने कबुतरांवर प्रयोग केले होते. बटणावर चोच मारली की दर वेळी दाणा मिळत असेल, तर दाणा बंद झाल्यावर कबूतर थोड्याच वेळात नाद सोडतं. पण दाणा कधी तिसऱ्या चोचीला, कधी तिसाव्या चोचीला असा बेभरवशाचा मिळू लागला, की ते चोच मारतच राहतं आणि दाणा पूर्ण बंद केल्यावरही कितीतरी वेळ थांबत नाही. स्किनर आणि फर्स्टर यांनी हे १९५७ साली सविस्तर मांडलं. आता रील्स आठवा. आठ-नऊ कंटाळवाण्या, मग एक अशी की हसू फुटावं. अंगठा पुढच्या दाण्यासाठी सरकत राहतो.

त्यात पूर्वी इंटरनेटवरचं पान तरी संपायचं. पुढचं पान हवं तर बटण दाबावं लागायचं आणि तेवढ्यात माणसाला वाटायचं की पुरे आता. २००६ साली अझा रास्किन या अमेरिकी डिझायनरने न संपणारं पान तयार केलं. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीरपणे खंत व्यक्त केली. आपल्याकडे २०१६ नंतर डेटा स्वस्त झाला. २०२० च्या जूनमध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या. तुमचा मुलगा तेव्हा दहा-बारा वर्षांचा होता आणि शाळाही फोनवरच भरत होती. थकलेलं सतरा वर्षांचं पोर रात्री बाराला एकटं याच्यासमोर बसतं. 'मनावर ताबा ठेव' एवढ्या सांगण्याने ते सुटणार नाही.

आता कुलरच्या टाकीबद्दल. साहेबांचा राग मला कळतो. क्लासची फी भरणारा बाप रात्री दोन वाजता जिन्यावर उभा राहतो आणि वरून हसण्याचा आवाज ऐकतो, तेव्हा त्याला भीती वाटते. ती भीती रागाच्या रूपाने बाहेर पडली. पण त्या पाण्यात रील्स नाही बुडाल्या, त्या उद्या दुसऱ्या फोनवर दिसतीलच. बुडालं ते दुसरंच काही. मैदानावरच्या मित्रांशी उरलेला एकुलता एक धागा त्या फोनमध्ये होता, नोट्स होत्या, कदाचित कुणाला न दाखवलेलं काही होतं. आणि बापाने आपली वस्तू आपल्यासमोर बुडवली, हे त्याने पाहिलं.

साहेबांनी वर जावं. स्वतःचं ताट घेऊन जावं, त्याच्या शेजारी बसून जेवावं आणि 'चुकलं माझं, बेटा' एवढंच म्हणावं. त्यानंतर 'पण तू' हे दोन शब्द जोडू नयेत. पोरगा बोलणार नाही, पहिल्या दिवशी नाहीच. दुसऱ्या दिवशी पुन्हा जावं. फोन नवा घेऊन द्यावा, साधा चालेल, पण देताना अट घालू नये. अट नंतर, चार-पाच दिवसांनी आणि ती घरातल्या सगळ्यांनाच. रात्री साडेदहाला घरातले सगळे फोन बाहेरच्या खोलीत टीव्हीखालच्या फळीवर चार्जिंगला लागतील. पहिला फोन साहेबांचा, दुसरा तुमचा. 'मग गजर कसा लावायचा' हा प्रश्न येणार, तो प्रत्येक घरात येतो. सीताबर्डीला जाऊन सेलवर चालणारं गजराचं घड्याळ घेऊन या. घड्याळ आलं की रात्री फोन उशाशी ठेवायचं कारण उरत नाही.

आणि मैदान. हे मी सगळ्यात कळकळीने सांगते. उन्हाळ्यात पोट्टे पहाटेच खेळतात, साडेपाच ते साडेसात. त्याच्या जुन्या गँगमधल्या एकाला घरी बोलवा, पोहे करा आणि त्यालाच सांगा की रविवारी याला उठवून घेऊन जा. क्लासमध्ये जाऊन आठवड्यातून दोन दिवस लवकर सोडता येईल का ते विचारा. नाही म्हणाले तर त्या दोन दिवशी क्लास थोडा बुडू द्या. दोन संध्याकाळी खेळल्याने डॉक्टर व्हायचं राहत नाही. मी तशी मुलं पाहिली आहेत, आज मेडिकलला आहेत.

एक गोष्ट मात्र नजरेआड करू नका. तो जेवण टाकू लागला, अंघोळ-कपड्यांकडे लक्ष देईनासा झाला, किंवा 'मी नसलो तर बरं' असं एकदाही म्हणाला, तर वाट बघू नका. टेलिमानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा सरकारी क्रमांक मोफत आहे, रात्री-अपरात्रीही लागतो, मराठीत बोलता येतं. नाहीतर सरळ सरकारी मेडिकल कॉलेजच्या मानसोपचार विभागाची ओपीडी गाठा.

*

रील्स बंद करण्यासाठी सगळ्यात चांगलं ॲप कोणतं? मी दोन टाकून पाहिले. झोपताना पाच मिनिटं म्हणून उघडतो आणि दीड वाजतो.
– इंजिनीअरिंगचा विद्यार्थी, अंबाझरी रोड

ॲपवर ॲप टाकून उपयोग होत नाही. वेळेची मर्यादा संपली की 'आज राहू दे' असं बटण येतं आणि बोट सवयीने तिथेच जातं. इन्स्टाग्राम फोनमधून काढून टाका. बघायचंच असेल तेव्हा ब्राउझर उघडून, पासवर्ड टाकून बघा आणि तो पासवर्ड फोनला लक्षात ठेवू देऊ नका. सेटिंगमध्ये स्क्रीन काळी-पांढरी करण्याची सोय असते, ती लावा. रंग गेला की निम्मी ओढ जाते, हे मला माझ्याच विद्यार्थ्यांनी शिकवलं. माणसांचे फोन आणि मेसेज सोडून बाकी सूचना बंद ठेवा. होस्टेलमध्ये खोलीबाहेर फोन ठेवता येत नाही हे खरं, पण रूममेटच्या कपाटात ठेवता येतो. रात्री एक वाजता त्याला उठवून किल्ली मागायला जीव धजत नाही.

*

मी अंगणवाडी सेविका आहे. घरचे म्हणतात, तुला फोनची सवय लागली, पोळ्या लाटतानाही फोन बघतेस. मलाही तसंच वाटायला लागलं. ग्रुप सात आहेत. वजन-उंची ॲपमध्ये भरा, फोटो टाका, उद्याची मीटिंग, असं रात्री दहापर्यंत येत राहतं. उत्तर दिलं नाही की सकाळी नाव घेऊन विचारतात. काय करू?
– सेविका, हिंगणा तालुका

ताई, हे व्यसन नाही. हे काम आहे, आणि कामाची वेळ संपल्यावरचं काम आहे. तुम्ही स्वतःला दोष देऊन राहिल्या आहात ते आधी थांबवा. कबुतराचं उदाहरण वर दिलं आहे, ते तुम्हाला लागू नाही. तुम्ही दाण्यासाठी चोच मारत नाही, तुम्हाला धाक आहे.

एका महिन्यासाठी वहीत नोंद ठेवा. कामाचा मेसेज किती वाजता आला, तुम्ही किती वाजता उत्तर दिलं. दोनच रकाने. तुमच्या बीटमधल्या आणखी चार-पाच जणींना हीच नोंद ठेवायला सांगा आणि मग सगळ्या मिळून, एकटी नाही, पर्यवेक्षिकाबाईंना दाखवा. अंधार पडल्यानंतरचे निरोप सकाळी आठला एकत्र द्यावेत, तातडीचं असेल तर फोन करावा, एवढंच मागा. पर्यवेक्षिकाही वरून आलेले निरोपच पुढे ढकलत असतात, त्यांनाही ती वही उपयोगी पडेल. आणि घरच्यांना एकदा ते सात ग्रुप उघडून दाखवा. तुम्ही काय बघता हे त्यांना दिसत नाही, त्यांना तुमची खाली झुकलेली मान तेवढी दिसते.

*

आमच्या फ्लॅट स्कीममध्ये ४८ फ्लॅट आहेत. सांगलीकडच्या एका गावात संध्याकाळी भोंगा वाजतो आणि सगळे टीव्ही-मोबाइल बंद करतात, असं वाचलं. मी सचिव आहे. आमच्याकडे भोंगा बसवावा असा ठराव मांडतो आहे. आपलं मत?
– सचिव, मनीषनगर

ते गाव मोहित्यांचे वडगाव, तालुका कडेगाव. १५ ऑगस्ट २०२२ पासून तिथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि दीड तास टीव्ही-मोबाइल बाजूला ठेवायचं ठरलं. आधी ग्रामसभेत बायकांशी बोलणं झालं, मग भोंगा आला, हा क्रम लक्षात घ्या. भोंगा वाजला तेव्हा तो का वाजतो हे गावाला माहीत होतं. तुमच्याकडे आधी भोंगा आला तर आठवडाभरात कुणीतरी त्याची वायर काढेल.

तुम्हाला एक विचारते. त्या दीड तासात मुलं काय करतील? नागपूरच्या बहुतेक स्कीममध्ये लिफ्टशेजारी एक पाटी असते, 'पार्किंगमध्ये खेळण्यास सक्त मनाई'. तुमच्याकडे असेल तर पहिला ठराव ती काढण्याचा मांडा. संध्याकाळी सहा ते आठ या वेळात गाड्या एका बाजूला लावायच्या, गेटवर चौकीदाराने लक्ष ठेवायचं. काचेला बॉल लागेल. त्या काचेसाठी मेंटेनन्समधून थोडे पैसे बाजूला काढून ठेवा. गच्चीची किल्ली कुणाकडे असते? संध्याकाळी गच्ची उघडी राहू द्या, कठडा पुरेसा उंच आहे ना ते पाहून. जोरजोरात आवाज होईल, वरच्या मजल्यावरचे आजोबा तक्रार करतील, त्यांनाच कॅरमचा पंच करा. हे दोन महिने चाललं आणि मग कुणी म्हणालं की भोंगा लावू, तर जरूर लावा.

*

मी सातवीत आहे. मी शाळेतून आले की आईला सगळं सांगते. ती फोन बघत बघत हं म्हणते. एकदा मी मुद्दाम सांगितलं की आज शाळेत हत्ती आला होता, तरी ती हं म्हणाली. मग मी सांगणंच बंद केलं. आईला कळलंसुद्धा नाही. तिला हे पत्र दाखवू का?
– त्रिमूर्तीनगर

बाळा, तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा काढून वाचते आहे. तुला खरं सांगते, मला त्यात माझा चेहरा दिसला.

माझी आई शेवटच्या उन्हाळ्यात अंथरुणावर होती. दुपारी तिला जाग यायची आणि ती काहीबाही बोलायची. मी पलंगाजवळच खुर्चीवर असायची, हातात फोन. अंगणात तिचा मोगरा होता, तीस वर्षांचा. ती विचारायची, "मोगऱ्याला पाणी घातलं का?" मी म्हणायची, "हं." घातलेलं नसायचं. प्रश्न माझ्या कानावर पडायचा, पण आत पोचायचाच नाही. दोन आठवड्यांनी तिने कळ्या किती आल्या ते विचारलं. मी बाहेर जाऊन बघितलं तर झाड वाळून तांबडं झालं होतं. मी आत येऊन सांगितलं. ती काही बोलली नाही, कुशीवर वळली. त्यानंतर तिने मोगऱ्याबद्दल कधी विचारलं नाही. तूही सांगणं बंद केलंस ना? म्हणून तुझं पत्र मला इतकं लागलं. माझ्या आईचं माझ्यावर प्रेम नव्हतं असं नाही, माझं तिच्यावर नव्हतं असंही नाही. पण जे बंद पडलं ते मी परत सुरू करू शकले नाही. तुझ्या आईला अजून करता येईल.

पत्र जरूर दाखव. हे छापलेलं पान दाखव. ती स्वयंपाकात असताना नको, चहा झाल्यावर, शेजारी बसून. तिला वाईट वाटेल, ती कदाचित रडेल, त्याला घाबरू नकोस. आणि सांगणं आजच पुन्हा सुरू कर. पण लांबून नको. तिच्यासमोर ये, खांद्यावर हात ठेव आणि म्हण, "आई, मला दहा मिनिटं दे." ती 'थांब' म्हणाली तर विचार, "किती वाजेपर्यंत?"

आता थोडं तुझ्या आईशी बोलते. बाई, पूर्वी आई तांदूळ निवडत असली की सुपातले तांदूळ दिसायचे. बाबा पेपर वाचत असले की पेपर दिसायचा. मूल बघून ठरवायचं, आत्ता बोलावं की थांबावं, आणि तांदूळ संपत आले की जवळ येऊन बसायचं. फोनवर तुम्ही लाइट बिल भरत असाल, सासूबाईंच्या औषधाची चौकशी करत असाल किंवा साड्या बघत असाल, लेकीला बाहेरून एकच दिसतं. तिला तुमचं काम कुठे संपतं ते कळायला मार्ग नाही. म्हणून एवढं करा, फोन हातात घेतला की काय करता आहात ते मोठ्याने म्हणा. "गॅसचा नंबर लावते." "मावशीला उत्तर देते, दोन मिनिटं." पहिले दोन दिवस विचित्र वाटेल. मी हे वर्षानुवर्षं अनेक घरांना सांगत आले आहे आणि त्यांतल्या बऱ्याच जणी मला येऊन म्हणाल्या, की काय करतोय ते मोठ्याने सांगताच येत नाही अशा वेळी फोन आपोआप खाली ठेवला गेला.

आणि लेकीला हत्तीबद्दल विचारा.

*

वय ७१. महालात जुन्या घरात राहतो. पत्नीला जाऊन दोन वर्षं होतील. पहाटे चारला जाग येते, मग मी फोनवर कीर्तनं लावतो, अमरावतीच्या भावाशी व्हिडिओवर बोलतो, बातम्या बघतो. सूनबाई म्हणतात, बाबांनाच व्यसन लागलं. पूर्वी मी आणि ही रोज सकाळी गांधीसागर तलावाला एक चक्कर मारत होतो, ते सुटलं हे खरं. मुलगा म्हणतो फोन फार जुना झाला, नवा घेऊ. मी टाळतो. या फोनमध्ये तिचे आवाजातले निरोप आहेत. "येताना सांबार (कोथिंबीर) आणा अन् उन्हात फिरत बसू नका," असा एक चौदा सेकंदांचा आहे. तो रोज ऐकतो. हे चुकीचं आहे का?
– एक वाचक, महाल

काकाजी, चुकीचं नाही. अजिबात नाही.

पहाटे चार वाजता रिकाम्या घरात कीर्तन लावणं आणि रात्री दोन वाजता रील्स बघत बसणं, ही दोन्ही माणसं बाहेरून सारखी दिसतात. आतून ती सारखी नसतात. तुमच्या पत्रात भाऊ आहे, कीर्तन आहे, निरोप आहे. म्हणजे फोनने तुमची माणसं तोडली नाहीत, उरलेली धरून ठेवली. सूनबाईंचं म्हणणंही मी वाईट अर्थाने घेत नाही. तुम्ही फार वेळ आत असता हे त्यांना दिसतं आणि काळजी कशी बोलून दाखवायची ते सुचत नाही, म्हणून त्यांच्या तोंडी तो शब्द येतो. त्यांना हा निरोप एकदा ऐकवा. त्यांनाही सासूबाईंचा आवाज ऐकून दोन वर्षं झाली असतील.

गांधीसागरची चक्कर सुटली, ती फोनमुळे सुटली असं मला वाटत नाही. ती दोघांची चक्कर होती. तळ्याच्या काठाने एकट्याने चालताना पावलं जड होतात, हे तुम्ही लिहिलं नसलं तरी मी समजू शकते. नातवाला किंवा शेजारच्या कुणाला सोबत घेऊन एखाद्या दिवशी अर्ध्या वाटेपर्यंत जाऊन या. तेही आताच नको वाटलं तर राहू द्या.

तातडीचं काम वेगळंच आहे. तो फोन जुना आहे, त्याची बॅटरी एक दिवस फुगेल किंवा तो हातातून पडेल. त्याआधी तिचे निरोप बाहेर काढून घ्यायला हवेत. मुलाला हे पान दाखवा आणि रविवारी शेजारी बसवा. व्हॉट्सॲपमध्ये तिच्या नावावर जाऊन चॅट एक्सपोर्ट करण्याची सोय आहे, ते करताना फोटो-आवाजासह असा पर्याय निवडायचा. खूप जुनं चॅट असेल तर सगळंच एका वेळी येत नाही, म्हणून जे निरोप जिवाजवळचे आहेत ते एकेक दाबून धरून वेगळे काढायचे आणि त्यांना नाव द्यायचं. सांबाराचा निरोप सगळ्यात आधी. मग ते पेन ड्राइव्हवर आणि मुलाच्या लॅपटॉपवर, अशा दोन्ही जागी ठेवायचे आणि दोन्हीकडून वाजवून बघायचे, शेवटपर्यंत. पूर्ण चौदा सेकंद नीट ऐकू आल्याशिवाय जुना फोन हातातून सोडू नका. गांधीसागरचं आपण पुढच्या पत्रात बोलू.